तारेवरचा कापूस

कापूस फुटला की समुद्रपुरात तार दिसू लागायची.

एरवी ती कुणाला दिसत नव्हती. केबलची काळी, करंगळीएवढी जाड तार बसस्टँडसमोरच्या एका दुकानाच्या गच्चीवरून निघायची आणि छपरांवरून, निंबाच्या फांद्यांमधून, कपडे वाळत घालायच्या खांबांना वळसे घेत गावभर फिरायची. पावसाळ्यात तिच्यावर कावळे बसायचे, उन्हाळ्यात गोधड्या पडायच्या. लोक तिला विसरून गेलेले असायचे. मग दसरा उलटायचा, शेतं पांढरी व्हायची आणि कापूस संकलन केंद्राकडे जाणाऱ्या बैलबंड्या गावातल्या बोळांतून निघायच्या. बांबूच्या ताट्या लावून कापूस बंडीच्या दुप्पट उंचीपर्यंत रचलेला असायचा. तो तारेला घासत जायचा आणि जाताना स्वतःतलं थोडं तिथे ठेवून जायचा. दिवाळी येईपर्यंत काळी तार पांढरी होऊन जायची. मान वर केली की कळायचं, ती कुठून निघते, कुणाच्या छपरावर टेकते, कुणाच्या निंबाला गुंडाळली आहे. गाव एकाच जाड दोऱ्याने शिवलंय आणि टाके उघडे पडलेत, असं वाटायचं.

यंदा वेचणी सुरू झाल्यावर त्या बोळातून जाणं झालं. सवयीने मान वर गेली. वर तार नव्हती. प्रत्येक छपरावर आपापली डिशची छत्री होती, आकाशाकडे तोंड करून. एक ट्रॅक्टर कापसाची ट्रॉली घेऊन गेला. उडालेला कापूस हवेत थोडा वेळ तरंगला. अडकायला काही सापडलं नाही, तेव्हा नालीत उतरला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी तालुक्याच्या बातम्या नागपूरच्या एका दैनिकाला पाठवत असे. बातम्यांचं पाकीट दुपारच्या एसटीने जायचं आणि छापून आलेला अंक दुसऱ्या, कधी तिसऱ्या दिवशी गावात पोहोचायचा. निधनवार्ता असली तर तोवर राख सावडून झालेली असायची. गावाला गावाची बातमी देण्याच्या दृष्टीने वर्तमानपत्र निरुपयोगी होतं. ते काम दोन गोष्टी करायच्या, ऑटोवरचा भोंगा आणि केबलची पट्टी.

पट्टी म्हणजे टीव्हीच्या तळाशी सरकत जाणारी अक्षरांची ओळ. केबलवाले घनश्यामशेठ मूळचे कापडाच्या धंद्यातले. गोड बोलायचे, अर्धी वाक्यं हिंदीत संपवायचे. गच्चीवर मोठी छत्री बसवून त्यांनी गावात केबल आणली, आणि गावचं म्हणून एक चॅनल काढलं. त्यावर दिवसभर सिनेमे लागायचे आणि खालून पट्टी धावायची. साड्यांचा सेल, फवारणीचं औषध, नवीन आलेल्या शिलाई मशिनी, वाढदिवसाच्या शुभेच्छा. शेठच्या भाच्याचा वाढदिवस एकदा आठवडाभर धावला होता. गावात त्या मुलाला पुढे बरेच दिवस 'पट्टीवाला' म्हणत.

ही तार चालू ठेवण्याचं खरं काम कोण करायचं, हे वेचणीच्या दिवसांत दिसायचं. कापसाची उंच बंडी मोहल्ल्याच्या तोंडाशी आली की गाडीवान हाळी द्यायचा, "तार उचला व माय." ज्या छपरावर जी कुणी बाई असेल, ती कोपऱ्यातला टोकाला बेचकं असलेला बांबू घ्यायची, बेचक्यात तार धरायची आणि बंडी जाईपर्यंत वर उचलून ठेवायची. पुढच्या छपरावर पुढची बाई. बंडी अशी हातोहात बोळातून पार व्हायची. हे काम शेठने कुणाला सांगितलं नव्हतं आणि करणारीनेही कधी विचारलं नव्हतं. तार तुटली तर संध्याकाळी टीव्ही लागणार नाही, एवढं साधं गणित होतं. तरी खालून पाहताना ते दृश्य विलक्षण दिसायचं. बंडीवरचा पांढरा ढीग सावकाश पुढे सरकतोय आणि त्याच्यासमोर आकाश थोडं थोडं वर उचललं जातंय.

खालच्या मोहल्ल्यात वच्छलाबाई राहायच्या. घरीच ब्लाउज शिवायच्या. वेचणीच्या दिवसांत ब्लाउज मागे पडायचे आणि ओट्या पुढे यायच्या. ओटी म्हणजे वेचणारी बाई कापूस टाकायला कमरेला बांधते तो जाड कापडाचा झोळा. वच्छलाबाई शिवायच्या त्या ओटीचा काठ कमरेला काचत नाही, अशी ख्याती होती. चौथीत असताना एका तापात त्यांचे कान गेले. तोवर वाचायला आलं होतं आणि बोलणंही राहिलं. मात्र आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्याने तो कधी एकदम चढायचा, आणि लोक वळून हसायचे. म्हणून त्यांनी तो दाबून टाकला होता. त्या जवळजवळ कुजबुजत बोलायच्या. मशीनच्या समोर टीव्ही असायचा, आवाज पूर्ण बंद. सिनेमा कळो न कळो, पट्टी त्या सगळी वाचायच्या.

जगाची बातमी त्यांच्यापर्यंत आणणारी एक बाई होती. सुमन त्यांच्याच वर्गातली, त्याच गावात दिलेली, वरच्या मोहल्ल्यात. बाजाराच्या दिवशी सुमन यायची, वच्छलाबाईंचा तळहात आपल्या हातात घ्यायची आणि त्यावर बोटाने अक्षरं काढत आठवड्याच्या गोष्टी सांगायची. कुणाचं लग्न जमलं, कुणाची सून माहेरी गेली, कुणाची म्हैस व्याली. पाटीवर लिहून दाखवता आलं असतं. पण सवय लहानपणची होती. तळहातावरची अक्षरं दोघींशिवाय तिसऱ्याला वाचता येत नव्हती, हेही कारण असावं. मध्येच दोघी हसायच्या आणि खोलीतल्या बाकीच्यांना कळायचं नाही कशाला.

सुमन त्या वेचणीत अचानक गेली. सकाळी चुलीपुढे बसली होती, तिथेच कलंडली. गावात मयत सांगायची रीत ठरलेली होती. ऑटोवर भोंगा लावून नाव, घर आणि निघण्याची वेळ सांगत गावभर फिरायचं. साड्यांच्या सेललाही तोच ऑटो, तोच भोंगा. खालच्या मोहल्ल्यातून तो गेला तेव्हा वच्छलाबाई दाराशी बसून ओटीला काज करत होत्या. त्यांनी ऑटो पाहिला. भोंगा पाहिला. सेल असेल असं वाटलं. दाताने दोरा तोडला आणि पुढची ओटी घेतली.

शेजारणी शेतात होत्या. ज्यांना कळलं त्या तशाच वरच्या मोहल्ल्यात गेल्या. वच्छलाबाईंना ठाऊक असणारच, असं प्रत्येकीने धरलं. तिसऱ्या दिवशी ओटी न्यायला आलेल्या एका बाईच्या ओठांवर त्यांनी ते वाचलं. दोनदा बोलायला लावलं. राख त्याच सकाळी सावडून झाली होती.

यानंतर वच्छलाबाईंनी एकच गोष्ट मागितली. मयतीची ओळ पट्टीवर धावावी. त्यांनी ती आधी शेजारच्या रुखमाबाईला सांगितली. रुखमाबाईच्या अंगणातला निंब मोहल्ल्यात सगळ्यात मोठा, आणि केबलचा डबा त्याच निंबाला ठोकलेला. दोघी मिळून दुकानात गेल्या. शेठने बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि पाहू म्हणाले. पुढच्या खेपेलाही पाहू म्हणाले. तिसऱ्या खेपेला मात्र जमणार नाही म्हणाले.

त्याच आठवड्यात एक बंडी खालच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी आली. गाडीवानाने हाळी दिली. रुखमाबाई छपरावरच मिरच्या पालटत होती. बांबू हाताशी होता. तिने तो उचलला नाही.

"आज हात दुखून राह्यले," ती वरून म्हणाली.

गाडीवानाने पुढच्या छपराकडे पाहिलं. तिथल्या बाईचेही हात दुखत होते. त्याच्या पुढच्या छपरावर एक सासू होती आणि एक सून. दोघींचेही दुखत होते. बैल थांबायला तयार नव्हते, मागून दुसरी बंडी आली होती. तार कापसात रुतली, ताणली गेली आणि शांतपणे तुटली. तिला कुणी हात लावला नव्हता. खालचा मोहल्ला आणि त्यापलीकडचा सगळा भाग त्या संध्याकाळी अंधारात राहिला, म्हणजे टीव्हीच्या दृष्टीने. बायकांची स्वतःची मालिकाही बुडाली. दुसऱ्या दिवशी शेठच्या माणसाने शिडी लावून तार जोडली. दुपारी पुन्हा बंडी आली. हात अजून दुखत होते.

असे काही दिवस गेले. मग घनश्यामशेठ स्वतः आले. रुखमाबाईच्या अंगणात निंबाखाली खाट टाकली गेली. मोहल्ल्यातल्या बायका ओसरीवर, पायऱ्यांवर बसल्या. वच्छलाबाई शेठच्या अगदी समोर, ओठ दिसतील अशा. चहा झाला. शेठनी आधी हिंदी वळणाने नुकसानीचं सांगितलं आणि मग मुद्द्यावर आले. तो मुद्दा खोटा नव्हता, हे नोंदवायला हवं.

मयतीचं पत्र आलं तर आपण काय करतो, त्यांनी विचारलं. कोपरा फाडलेलं कार्ड उंबऱ्याबाहेरच वाचतो. वाचलं की फाडून टाकतो. घरात ठेवत नाही. आणि तुम्ही म्हणता मी ते घराघरात आत न्यावं. टीव्ही कुठे असतो? फळीवर. बाजूला काय असतं? देव. समोर लेकरं जेवत असतात, कुणाच्या घरी लग्नाची बोलणी चाललेली असतात. "साडीच्या खाली मयत चालवू का, माय? लोक मले काय म्हणतीन?"

 समोरच्या प्रत्येक बाईने कधी ना कधी तसं कार्ड फाडलेलं होतं. रुखमाबाई मात्र पुढे सरकली.

"शेठ, तुमच्या भाच्याचा वाढदिवस आठ रोज चालते," ती म्हणाली. "आमचं मरण अर्धा दिवस त चालू द्या."

हशा झाला. शेठही हसले, पण मान हलवत राहिले. ऑटो आहे की, ते म्हणाले. भोंगा आहे. सगळ्यांना ऐकू जातं.

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण कुणासमोर बोललो.  वच्छलाबाई त्यांच्या ओठांकडे पाहत होत्या. त्यांनी सगळं वाचलं होतं, कार्ड, उंबरा, देव, भोंगा. त्या नेहमीच्या दबक्या आवाजात बोलल्या, त्यामुळे मागच्या बायकांना पुढे वाकावं लागलं.

"फाडा ना, शेठ. कोन नाई म्हनते? पन पयले वाचू त द्या."

 बाहेरून एक बंडी येत असल्याचा आवाज आला, चाकांचा आणि घुंगरांचा. शेठने रिकामा कप खाटेच्या पायाशी ठेवला आणि सगळ्यांकडे पाठ येईल असं वळून, तोंड फक्त वच्छलाबाईंना दिसेल असं बसून विचारलं, "वाचलं की फाडायचं?"

"फाडायचं."

"दिवे लागायच्या आत?"

"दिवे लागायच्या आत."

एवढाच करार. तो कुठे लिहिला गेला नाही. मयतीची ओळ धावेल तेव्हा दुसरी कुठलीही ओळ धावणार नाही. मयत घरून निघेपर्यंत ती राहील. मग शेठ ती मशीनमधून पुसून टाकतील, आणि देवाजवळ दिवा लागेल तेव्हा पडद्यावर तिचा मागमूस नसेल. उठता उठता रुखमाबाईने नळ कधी येणार आणि केंद्रावर वजनाचा काटा कधी बंद राहणार, हेही पट्टीवर घालायला लावलं. तेवढ्यात ती बंडी मोहल्ल्याच्या तोंडाशी आली आणि गाडीवानाने जरा साशंक होऊन हाळी दिली. रुखमाबाई शिडी चढून गेली. हात बरे झाले होते.

एका गावाने आपल्या केबलवाल्याला जाब विचारला, अशी बातमी मी त्या दिवशी केली. ती आतल्या पानावर चार ओळींत आली. चार ओळी पुरेशा होत्या, कारण घडलं होतं तेवढंच. मला थक्क करते ती दुसरीच गोष्ट, आणि ते थक्क होणं आजही कमी झालेलं नाही. मृत्यूचं पत्र फाडायची रीत शेठनी नकार म्हणून पुढे केली होती. वच्छलाबाईंनी तीच रीत उचलली, उलटी केली नाही, मोडली नाही, फक्त तिचं पहिलं पाऊल दाखवलं. फाडण्याआधी वाचणं असतं. पिढ्यानपिढ्या कार्डं आणि पत्रं फाडत आलेल्या लोकांना ते ठाऊक होतं आणि कुणाला आठवलं नव्हतं.

पहिली ओळ फार लवकर धावली. बंड्यांची चाकं बसवणारे नामदेवबुवा एका सकाळी गेले. वय झालं होतं. त्या मोसमात केंद्राच्या रांगेत उभ्या असलेल्या बंड्यांपैकी बऱ्याच बंड्यांची चाकं त्यांच्या हातची होती. शेठनी ओळ स्वतः टाइप केली. नाव, मोहल्ला, दुपारी निघण्याची वेळ. ती सुरू करून ते दुकानाबाहेर आले, नळावर हातपाय धुतले, आत जाऊन गल्ल्यासमोर पुन्हा उदबत्ती लावली. सिनेमात नाच चालू होता. त्याच्याखाली ती एकच ओळ, बाकी जाहिरातींविना, सरकत गेली, संपली आणि पुन्हा उजवीकडून आली.

चहाच्या टपरीवर टीव्हीकडे पाहणारे लोक एकेक करून उठले. कुणी कप तसेच ठेवले. मी रस्त्यावर आलो तर समोरच्या घरातूनही कुणी तरी पायात चपला घालत बाहेर येत होतं. त्याच्या पलीकडच्या घरातून आणखी एक जण. भोंगा फिरतो तेव्हा बातमी गल्लीगल्लीने पुढे सरकते, वाटेत बदलते, काही दारांशी पोहोचतच नाही. इथे सगळ्या दारांना एकाच श्वासात ती कळली होती. लोक एकमेकांकडे पाहत होते आणि कुणालाच काही सांगावं लागत नव्हतं. इतकी माणसं इतक्या शांतपणे एकाच वेळी घराबाहेर येताना मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्याच वेळी शेतात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. ते तिथे वेचत असलेल्या तिघींना वेगवेगळं विचारलं, आणि तपशील जुळले.

वच्छलाबाईंनी मशीनवरून मान वर केली आणि ओळ वाचली. खात्रीसाठी ती पुन्हा येईपर्यंत थांबल्या. मग दारात आल्या. मोहल्ल्यातली बहुतेक घरं कुलपात होती, बायका वेचणीला गेलेल्या. ज्या बाईपर्यंत आयुष्यभर प्रत्येक बातमी सगळ्यांच्या शेवटी आली, तिच्यापाशी त्या घटकेला ती होती आणि मोहल्ल्यात दुसऱ्या कुणापाशी नव्हती. त्या ओढ्यापलीकडच्या शेतापर्यंत चालत गेल्या. बांधावर उभ्या राहिल्या. समोर पांढरं शेत, त्यात वाकलेल्या पाठी, कुणाचंही तोंड इकडे नाही.

मग त्यांनी हाक मारली. दाबलेला आवाज सोडून दिला. तो कसा होता ते तिघींनाही नीट सांगता आलं नाही. एक म्हणाली, "बाप्पा, मले वाटलं आभाय बोलून राह्यलं." दुसरी म्हणाली, तिला आधी ओळखूच आला नाही, इतकी वर्षं शेजारी राहून. नामदेवबुवा गेल्याचं, निघण्याची वेळ, सगळं त्या आवाजात आलं, चढत, फाटत, शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत. पाठी एकामागून एक सरळ झाल्या. या वेळी कुणी हसलं नाही.

त्या बायका तशाच आल्या. ओट्या रित्या करायला वेळ नव्हता. कमरेला कापसाची गाठोडी घेऊन त्या बोळातून चालत होत्या आणि त्यांच्या पुढे वच्छलाबाई होत्या.

अलीकडे केबल गेली तशी पट्टीही गेली. दरम्यानच्या वर्षांत पट्टीने बरंच काही सांगितलं, नळाची वेळ, पोलिओचा डोस, काटा बंद असल्याचं, पूल पाण्याखाली गेल्याचं. मयतीची ओळ दिवे लागायच्या आत पुसली जायची, हा नियम शेठनी शेवटपर्यंत पाळला. वच्छलाबाई आता मोबाइलवर वाचतात. एका बोटाने, तळहातात फोन धरून. त्यांच्याकडे पाहताना त्या तळहाताची आठवण येते, ज्यावर कुणी अक्षरं काढायचं.

पण वेचणी आली की मनात उभी राहते ती नामदेवबुवांचीच दुपार. माणसं इतकी होती की तिरडी खालच्या मोहल्ल्यातून हळूहळूच नेता येत होती. तिरडी खांद्यावर होती, तार कितीतरी उंच. वर उचलायचं काही कारण नव्हतं. तरी रुखमाबाई छपरावर गेली होती. तिरडी निंबापाशी आली तेव्हा तिने बेचक्याचा बांबू घेतला आणि तार उचलून धरली, भरल्या बंडीसाठी धरतात तशी. पुढच्या छपरावरच्या बाईने ते पाहिलं आणि तिनेही बांबू घेतला. मग तिच्या पुढचीने. हाळी कुणी दिली नव्हती. तार बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वर वर उचलली जात होती, आणि हलल्यामुळे तिच्यावर महिनाभर साचलेला कापूस सुटून सावकाश खाली येत होता, चालणाऱ्यांच्या डोक्यांवर, ओट्यांवर, तिरडीवर.

तो कुणी झटकला नाही.